आवाज थरथरतो, त्याचं काय?

"सर, बोलायला उभं राहिलं की आवाज थरथरतो. सगळ्यांना कळतं." हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय, मोजदाद नाही. तोंडी परीक्षेला निघालेली मुलं, नवे सरपंच, लेकीच्या लग्नात दोन शब्द बोलायचे असलेले वडील. म्हणून एका बाईंची गोष्ट सांगतो, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

बाई जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, नोकरी 22 वर्षांची. वर्गात 40 मुलं एका हाकेत शांत होतात. पण केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते, हातातला कागद फडफडतो.

"आवाज थरथरला तर काय होईल?"

"लोक म्हणतील, हिला येत नाही."

"म्हणाले तर?"

बराच वेळ गप्प. मग एकदम, "इतकी वर्षं शिकवतेय सर, माझा आवाज थरथरताच कामा नये!"

मी तिथेच थांबलो. थरथरू नये, ही इच्छा रास्त आहे. थरथरताच कामा नये, हा हट्ट. भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, श्वास वरवरचा होतो. हे शरीराचं काम झालं. त्यावर हट्टाची भर पडली की भीतीचीच भीती वाटू लागते. असे हट्टी विचार तपासून बदलायची विवेकनिष्ठ पद्धत मी ज्यांची मानतो, त्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनाही तरुणपणी भाषणाची धास्ती होती. भीती जाईपर्यंत ते थांबले नाहीत, घाबरत घाबरत बोलत राहिले. भीती मागाहून ओसरली.

बाईंना मी एकच काम दिलं. वर्गातलं आणि परिषदेतलं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायचं. पुढच्या भेटीत दोन्ही ऐकलं. परिषदेचं लावण्याआधी कागदावर लिहायला सांगितलं, आवाज कुठे कुठे थरथरला. सात जागा लिहिल्या. ऐकताना सापडली एक, तीही अगदी पुसट. बाईंनी रेकॉर्डिंग मागे नेऊन तीनदा ऐकलं. मग सावकाश म्हणाल्या, "सर, थरथर नाहीच ऐकू येत. घाई ऐकू येतेय. वर्गात मी 'कळलं का?' विचारून थांबते. इथे माझं एक वाक्य संपतच नाही."

इतक्या वर्षांत मी हे कुणाला इतकं नेमकं सांगू शकलो नव्हतो. आतली धडधड आपल्याला नगाऱ्यासारखी वाटते, बाहेर फार थोडी पोहोचते. ऐकणाऱ्याला आत्मविश्वास जाणवतो तो वाक्याच्या शेवटाशी. वाक्य पूर्ण करा, शेवटी आवाज खाली येऊ द्या, तोंड मिटा, श्वास घ्या, मग पुढचं. पहिली दोन वाक्यं मात्र तोंडपाठ हवीत, कारण सर्वांत जास्त धडधड तेव्हाच असते. कागद हातात धरण्याऐवजी टेबलावर ठेवा. आणि कुणाच्या लक्षात आलंच, तर "जरा धडधडतंय" म्हणून पुढे बोला.

पुढच्या परिषदेचं रेकॉर्डिंग बाईंनी मला पाठवलं. तिसऱ्या वाक्यानंतर त्या थांबतात. मागे कुणाची तरी खुर्ची सरकते, कुणीतरी खोकतं. मग बाई चौथं वाक्य सुरू करतात.