बासष्टाव्या वर्षी ग्रोनिंगनमध्ये सायकल?

प्रश्न : माझं वय ६२. लेक-जावई नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला असतात. जूनमध्ये तीन महिन्यांसाठी जाते आहे, आठ महिन्यांच्या नातवाला सांभाळायला. त्यांच्याकडे गाडी नाही आणि घ्यायचीही नाही म्हणतात. भाजी, दवाखाना, बाळाला फिरवणं, सगळं कसं जमायचं? सायकल मी कॉलेजात असताना चालवली, त्याला ४० वर्षं झाली. आता बसावं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, बसा. मी या गावात १७ वर्षं राहते आहे आणि गाडी आम्हीही घेतलेली नाही. लेकीची काळजी करू नका, इथे गाडीवाल्याचीच जास्त अडचण होते. १९७७च्या सप्टेंबरात नगरपालिकेनं गावाच्या मध्यभागाचे चार भाग पाडले आणि गाडीला एका भागातून थेट दुसऱ्यात जायची वाटच बंद केली. तिला बाहेरच्या रस्त्यावर येऊन वळसा घ्यावा लागतो. सायकल आणि पायी माणूस सरळ जातो. दुकानदारांचा तेव्हा कडाडून विरोध होता. माक्स फान डेन बर्ग हे तिशीतले नगरसेवक मागे हटले नाहीत, त्यांचे उपकार मी रोज अनुभवते.

पण आल्या आल्या सायकलला हात लावू नका. पहिला आठवडा पायी फिरा. वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायची सवय लावा. लालसर डांबराची पट्टी सायकलींची असते. बाबागाडी घेऊन तिच्यावर थांबायचं नाही, फोन आला तरी नाही.

मग सायकल. जुनी मिळते, भाड्यानंही मिळते. दांडी नसलेली, उंचीला कमी अशी घ्या. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. इथल्या सायकली उंच माणसांच्या मापाच्या असतात, तेव्हा दुकानात संकोच न करता सीट खाली करून घ्या. ब्रेकचं नीट विचारा. बऱ्याच सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पायडल उलटं दाबलं की चाक थांबतं. आपल्याला थांबल्यावर पायडल मागे फिरवून वर आणायची सवय, ते इथे फिरतच नाही. पहिल्या महिन्यात मी सिग्नलला त्याच कारणानं पडले, गुडघा चांगलाच सुजला होता. तुमच्यासाठी दोन्ही हातांना ब्रेक असलेलीच घ्या, थोडी महाग पडली तरी.

सरावाला नॉर्डरप्लान्टसून ही बाग उत्तम. तिथून पूर्वी गाड्या जात. १९९४ साली लोकांनी मतदान करून त्या बंद केल्या. रविवारी सकाळी लवकर जा, लेकीला बरोबर घ्या. वळायच्या आधी हात दाखवायचा, मागे बघायचं, एवढंच घोटवा. काही चौकांत सायकलींना चारही बाजूंनी एकदम हिरवा दिवा लागतो आणि सगळे एकमेकांमधून वाट काढत जातात. नवख्या माणसाला ते घाबरवतं. तिथे उतरून सायकल हातात धरून चाला, कुणी काही म्हणत नाही.

भाजीला मंगळवारी, शुक्रवारी किंवा शनिवारी फिसमार्क्टच्या बाजारात जा. सायकल मात्र दिसेल त्या कठड्याला लावू नका, नगरपालिका उचलून नेते. फोरम या वाचनालयाच्या इमारतीखाली सायकलींचा मोठा तळ आहे, तिथे ठेवा. कुलपं दोन, त्यातली साखळी तळावरच्या स्टँडला.

बाळाला मात्र सायकलवर तुम्ही नेऊ नका. ते काम त्याच्या आईबाबांचं. दवाखान्यात बसनं जा: बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, बँकेचं कार्ड चढताना आणि उतरताना यंत्राला टेकवायचं. उतरताना विसरलं की जास्त पैसे कापले जातात. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं.

जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिव्यांची गरज क्वचितच पडेल. तरी पुढे पांढरा, मागे लाल लावून ठेवा; अंधारात तो कायद्यानं लागतोच. आणि छत्री नाशिकलाच ठेवा, इथल्या वाऱ्यात ती उलटी होते. टोपीचा रेनकोट आणि वरून चढवायची पँट, दोन्ही बॅगेत अगदी वर ठेवा.