कॅमेरा, लेन्स, फिल्म सगळं लिहितो, मग स्कॅनर पण लिहायचा का?

तुमचा प्रश्न असा आहे की फिल्मवर काढलेले फोटो स्कॅन करून ऑनलाइन टाकताना कॅमेरा, लेन्स आणि फिल्मचं नाव तर लिहितोच, त्यात आणखी स्कॅनर कोणता, कुणी स्कॅन केला हे लिहायची काय गरज, बघणाऱ्याला त्याचं काय? मी पण बरीच वर्षं हेच म्हणायचो. आता म्हणतो, लिहा. कॅमेऱ्याचं नाव राहिलं तरी चालेल एक वेळ, पण स्कॅन कुठं आणि कसा झाला ते लिहा.

माझ्या हातून काय झालं ते सांगतो. आमच्या सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वरांचा गड्डा म्हणजे यात्रा असते, तेव्हा सात नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक निघते आणि त्या पेलणारे सगळे पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत (बांधांचा जुन्या पद्धतीचा अंगरखा) असतात. निकॉन एफएम2 घेऊन गेलो होतो, 50 ची लेन्स, कोडॅक गोल्ड 200. रोल पुण्याला पाठवून फक्त धुवून आणला (इथं माझ्या ओळखीच्या स्टुडिओवाल्यानं कलर रोल धुवायचं कधीच बंद केलंय), आणि स्कॅन घरी फ्लॅटबेडवर (काचेवर कागद ठेवतो तसला सपाट स्कॅनर) केला, सॉफ्टवेअरमध्ये ऑटो कलर चालू होतं ते तसंच राहिलं. बाराबंदी मस्त पिवळसर आली, छातीवरचे बांध तर अगदी तुपात बुडवल्यासारखे. मला आवडलं, टाकून दिला फोटो. खाली लिहिलं कॅमेरा, लेन्स, फिल्म. बास. लोक म्हणाले वा, गोल्ड म्हणजे गोल्डच.

मग होटगी रोडचा एक ओळखीतला पोरगा, दादा दादा करत असतो, त्यानं तो फोटो बघून गोल्डचे चार रोल मागवले, भावाच्या हळदीला असाच पिवळा कलर पाहिजे म्हणून. दोन रोल काढले, पुण्यातच धुवून तिथंच स्कॅन करून घेतले, आणि फोटो आले एकदम स्वच्छ, हळद हळदीसारखी, शर्ट पांढरे. मला फोन, "दादा, रोल डुप्लिकेट दिले की काय हो मला?" आता काय सांगायचं. माझीच गड्ड्याची निगेटिव्हची पट्टी त्याच लॅबला पाठवली स्कॅनला, तर बाराबंदी पांढरीफेक! निगेटिव्ह तेच, फ्रेम तीच. पिवळा रंग फिल्मचा नव्हताच, माझ्या ऑटो कलरचा होता, आणि तो मी न सांगता कोडॅकच्या नावावर खपवला होता.

हे का होतं तर कलर निगेटिव्हमध्ये रंग उलटे असतात आणि वरून तो नारिंगी थर असतो. तो थर काढून रंग सुलट करायचे म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं हे कुणीतरी ठरवावंच लागतं, मग ते सॉफ्टवेअर ठरवतं नाहीतर लॅबमध्ये मशीनवर बसलेला माणूस. स्लाइड फिल्म असेल तर उजेडासमोर धरून ताडून बघता येतं, निगेटिव्हला तशी सोय नाही. लॅबमधल्या स्कॅनरांपैकी फ्रंटियरवर एक रंग येतो, नोरित्सूवर दुसरा, घरच्या फ्लॅटबेडवर तिसरा, आणि तिन्ही खरेच म्हणायचे. म्हणून कुणी नुसतं "पोर्ट्राचे (ही पण कोडॅकची कलर फिल्म) कलर बघा" म्हणून फोटो टाकला की मला पहिला प्रश्न पडतो, बाबा स्कॅन कुणाचा?

शार्पनेसचं पण तसंच. फोटो मऊ दिसला की लोक लगेच जुन्या लेन्सला नावं ठेवतात, आणि दोष असतो होल्डरमध्ये फिल्म वाकडी बसल्याचा. डीपीआय, म्हणजे एका इंचात स्कॅनर किती ठिपके टिपतो ते, लिहा पण त्यावर फार जाऊ नका. फ्लॅटबेडच्या खोक्यावर 6400 लिहिलेलं असतं, 36 बाय 24 मिलिमीटरच्या फ्रेमला त्या हिशोबानं 9000 बाय 6000 च्या वर पिक्सेल येतात, म्हणजे 55 मेगापिक्सेलच्या आसपास, पण त्यात खरा तपशील कितीतरी कमी असतो, बाकी नुसती फाइल फुगते. मी 2400 ला करतो, साधारण 3400 बाय 2270 ची फाइल मिळते, स्क्रीनवर बघायला भरपूर झाली.

आणि धूळ काढणारं डिजिटल आइस चालू होतं का ते पण लिहा, सोलापूरच्या धुळीत ते लागतंच म्हणा. ते इन्फ्रारेडवर चालतं, कलर फिल्मच्या रंगांतून इन्फ्रारेड आरपार जातं आणि धूळ तेवढी अडते. पण साध्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चांदी असते, ती पण इन्फ्रारेड अडवते, मग स्कॅनरला अख्खा फोटोच धूळ वाटायला लागतो. एचपी5 या असल्याच ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर एकदा चालू राहिलं होतं माझं, मंदिराच्या पायऱ्या सारवल्यासारख्या आल्या. इलफर्डच्या एक्सपी2 ला मात्र चालतं, ती ब्लॅक अँड व्हाइट असली तरी कलरच्या केमिकलमध्येच धुतात, त्यामुळं चांदी राहत नाही.

काही जण म्हणतात फाइलच्या एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्ये आपोआप लिहिली जाणारी कॅमेरा, तारीख वगैरे माहिती) असतंच की सगळं. नसतं. फिल्म कॅमेरा फाइलमध्ये काय लिहिणार? काही लॅबच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याच्या रकान्यात स्कॅनरचं नाव येतं आणि तारीख असते स्कॅनची. मला एकानं विचारलं होतं हा एसपी-3000 कुठला नवीन कॅमेरा, केवढ्याला पडला!

फार लांबड लावू नका पण, एक ओळ पुरे. मी आता असं लिहितो: कोडॅक गोल्ड 200, लॅबमध्ये धुतला, घरी फ्लॅटबेडवर 2400 ला स्कॅन, ऑटो कलर बंद, पिवळा थोडा मी वाढवलाय. डिजिटल कॅमेऱ्यानं निगेटिव्हचा फोटो काढून घेत असाल तर खालचा लाइट कुठला आणि रंग कशात सुलट केले ते दोन शब्द टाका. लॅबनं केला असेल आणि मशीन माहीत नसेल तर नुसतं "लॅब स्कॅन" लिहा, तेवढ्यानंही कळतं. घरच्या ग्रुपवर मावशीला फोटो पाठवताना यातलं काही लागत नाही, तिला तुम्ही जेवता की नाही एवढंच बघायचं असतं.

त्या पोराचे उरलेले दोन रोल माझ्या फ्रिजमध्ये आहेत, दह्याच्या भांड्यामागं. येत्या गड्ड्याला वापरणार म्हणतो, आणि स्कॅन माझ्याकडंच करायचाय त्याला, ऑटो कलर चालू ठेवून.