'संवेग'च्या पोटातली थरथर

प्रश्न असा आला आहे: "मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत इमोशनला कुठे 'भावना' म्हणतात, कुठे 'संवेग'. दोन्ही एकच का? आणि 'मी भावनिक झालो' म्हणावं की 'भावुक झालो'?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ती चूक रोज कानावर आदळते. माणूस भावनिक होत नाही. भावनिक म्हणजे भावनेशी संबंधित: भावनिक ताण, भावनिक गरज, भावनिक आधार. 'मी मानसिक झालो' किंवा 'ती आर्थिक झाली' असं कोणी म्हणतं का? मग 'मी भावनिक झालो' तरी कसं चालतं? भावुक बरोबर आहे, पण तोही मुळात स्वभाव सांगणारा शब्द. कामुक, घातुक, भावुक या सगळ्यांत एकच 'उक' प्रत्यय आहे आणि तो एखादी गोष्ट ज्याच्या अंगवळणीच पडली आहे त्याला लागतो. क्षणभर भरून आलं असेल तर गहिवरलो म्हणा, हेलावलो म्हणा, गळा दाटून आला म्हणा.

आता संवेग. 'भावना'चा भू धातू सर्वांना ठाऊक आहे, तो सोडून देतो.

परिभाषेवर लिहिणारे काही जण म्हणतात की संवेग हा इंग्रजीवरून बेतलेला शब्द आहे. लॅटिनमधल्या 'मोव्हेरे'चा, म्हणजे हलवण्याचा, अंश इमोशनमध्येही आहे आणि मोटिव्हमध्येही, म्हणून आपणही 'वेग' उचलला, असा त्यांचा तर्क. शिवाय भौतिकशास्त्रात वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, तेव्हा घोटाळा नको, शब्द टाकून द्या. मला हे साफ अमान्य आहे. घोटाळ्याचं तर बोलूच नका. 'धातू' हा शब्द आपण लोखंडालाही वापरतो आणि क्रियापदाच्या मुळालाही, कोणाचं काही अडलेलं नाही. आणि उसनवारीचा आरोप करणाऱ्यांनी धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थासकट जुनी यादी, उघडलेलाच नाही.

वेग शब्द विज् धातूचा. धातुपाठात त्याची नोंद आहे 'ओविजी भयचलनयोः'. विज् म्हणजे भिणे आणि हलणे. दोन्ही अर्थ एकाच समासात, शेजारी शेजारी! उद्वेग, उद्विग्न, आवेग, संवेग ही सगळी त्याच घरची माणसं. वेग म्हणजे नुसती गती असं आज आपल्याला वाटतं, पण त्याच्या मुळाशी दचकणं आहे, अंगाची थरथर आहे.

मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकडूगल यांनी 1908 साली सहजप्रवृत्तींची मांडणी केली, तेव्हा प्रत्येक मुख्य प्रवृत्तीला तिची भावना जोडून दिली: पळून जाण्याच्या प्रवृत्तीला भीती, लढण्याच्या प्रवृत्तीला राग. भय आणि चलन ही जोडी तिथेही आहेच. धातुपाठकारांना मानसशास्त्र ठाऊक होतं असा दावा मी करत नाही. पण बोलणाऱ्यांना या दोन गोष्टी वेगळ्या करायची गरज वाटली नव्हती, एवढं त्या नोंदीतून मला दिसतं.

आणि आता माझा सगळ्यात लाडका पुरावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय आहे, 'नवेगान्धारणीय'. अडवून धरू नयेत असे तेरा वेग त्यात सांगितले आहेत: भूक, तहान, झोप, शिंक, जांभई, अश्रू वगैरे. त्याच अध्यायात पुढे आवरायला हवेत असे वेग येतात: 'लोभशोकभयक्रोधमानवेगान् विधारयेत्'. भूकही वेग, भयही वेग. मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी 1943 मध्ये भूक-तहानेसारख्या शारीरिक गरजांतून निर्माण होणाऱ्या ताणावर, ज्याला ते ड्राइव्ह म्हणतात त्यावर, आपला सिद्धांत उभा केला. त्या ड्राइव्हला मराठीत शब्द शोधताना अनेकांची दमछाक होते. 'वेग' समोर असताना कशासाठी? योगसूत्रात तर 'तीव्रसंवेगानामासन्नः' (1.21) असं आहे. तिथे संवेग म्हणजे साधकाची ओढ, तळमळ. म्हणजे आपण ज्याला प्रेरणा म्हणतो तिच्याच अंगाचा अर्थ. पाठ्यपुस्तकं प्रेरणेचं प्रकरण वेगळं आणि भावनेचं वेगळं काढतात, पण हा शब्द दोन्हीकडे पाय रोवून उभा आहे.

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1884 मध्ये म्हटलं की आपण घाबरतो म्हणून थरथरत नाही, थरथरतो म्हणून घाबरतो: शरीरातला बदल आधी आणि त्याची जाणीव हीच भावना. विज् धातू त्यांच्या बाजूने साक्ष देईल असं मला फार वाटतं. मराठी बोलीही देईल: छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात. पण इथेच शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन आडवे येतात. 1927 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की आतड्या-काळजातले हे बदल वेगवेगळ्या भावनांत जवळपास सारखेच असतात, मग त्यांवरून भावना ओळखायची कशी? आपला 'काटा' पाहा. थंडीने अंगावर काटा येतो, भीतीने येतो, एखादी तान ऐकूनही येतो. नुसतं 'काटा आला' ऐकून कोणता ते सांगता येत नाही, पुढचं वाक्य ऐकावं लागतं. कॅनन यांचा आक्षेप मला इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या शब्दात दिसलेला नाही.

राहिला मूळ प्रश्न. अंगात खळबळ उठवणारं, झटक्यात येऊन कृतीला लावणारं जे असतं त्याला संवेग म्हणा: भय, क्रोध, किळस. त्यातलं जे मनाला जाणवतं आणि मागे रेंगाळतं, ती भावना. मात्र एका लेखात एकाच अर्थाने दोन्ही शब्द आलटून पालटून वापरू नका.