बीपीच्या गोळ्या इतक्या वेगवेगळ्या का असतात? शेजाऱ्यांना मानवलेली गोळी माझ्या वडिलांना चालेल का?

चालेलही कदाचित. पण ते शेजाऱ्यांनी ठरवायचं नाही.

बीपी वाढायला शरीरात एकच वाट नसते, म्हणून गोळ्याही वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करते. काहींचे घोटे त्याने सुजतात. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढते, म्हणून ती सकाळी घ्यायला सांगतात. मेटोप्रोलॉल हृदयाचे ठोके कमी करते. आणि मग नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या: एनालाप्रिल, रॅमिप्रिल. मी लिहायला बसले ते या प्रिलमुळे.

माझे अप्पा एसटीचे ड्रायव्हर होते. तीस वर्षं घाटातून गाडी चालवली आणि तेवढीच वर्षं विडी ओढली. रिटायर झाले त्या दिवशी विडीचं बंडल चुलीत टाकलं, परत हात लावला नाही. हे मी ठामपणे सांगते, कारण घरात मी होते. दादा मुंबईला.

बीपी निघालं, एनालाप्रिल सुरू झाली. महिन्याभरात खोकला. कोरडा, बेडका नाही, ताप नाही. घशात कुसळ अडकल्यासारखी खवखव आणि रात्री आडवं झालं की ढास. आईने दही बंद केलं, केळं बंद केलं, अडुळशाचा काढा झाला, ज्येष्ठमध झालं. खोकल्याच्या औषधाच्या चार बाटल्या संपल्या. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, काही निघालं नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, "दुसरं औषध काही चालू आहे का?" आम्ही सगळ्यांनी एका सुरात "नाही" म्हटलं. खोटं बोललो नाही हो. बीपीची गोळी आमच्या घरी औषधात धरतच नव्हते. सकाळचा चहा तशी ती गोळी.

गणपतीला दादा आला. आमच्या वाडीत आरतीला आवाज अप्पांचा. त्या वर्षी दुसऱ्याच आरतीला ढास लागली आणि टाळ खाली ठेवून ते पडवीत जाऊन बसले. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "अप्पांनी परत विडी धरलीय." एवढ्यावर थांबला नाही. गोठ्यात, लाकडांच्या माचामागे, अप्पांच्या शर्टाच्या खिशात शोधून आला. काही सापडलं नाही, तर म्हणे, "लपवायची सवय जुनीच आहे." अप्पा काही बोलले नाहीत. उरलेले दिवस आरतीला उभेच राहिले नाहीत.

दिवाळीआधी मी त्यांना तालुक्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासायच्या आधी पिशवी उलटी करायला लावली. एनालाप्रिलची स्ट्रिप हातात घेतली आणि हसले.

प्रकार असा. अँजिओटेन्सिन नावाचं द्रव्य रक्तवाहिन्या आवळतं. ते तयार करणारं विकर (एन्झाइम) प्रिल अडवते, म्हणून बीपी उतरतं. पण तेच विकर ब्रॅडीकायनिन नावाच्या दुसऱ्या एका द्रव्याचाही निकाल लावत असतं. विकर अडलं की हे साचतं आणि श्वासनळीत खवखव सुरू होते. सगळ्यांना नाही, शंभरात पाच ते वीस जणांना. नावाच्या शेवटी 'सार्टन' असलेल्या गोळ्या (लोसार्टन, टेल्मिसार्टन) विकराला हात लावत नाहीत; अँजिओटेन्सिन जिथे जाऊन चिकटतं ती जागाच अडवून बसतात. अप्पांना टेल्मिसार्टन दिली. तिसऱ्या आठवड्यात रात्री उठून बघितलं, इतकी शांतता होती की मलाच भीती वाटली.

प्रिल जातीची पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, १९८१ साली बाजारात आली. तिचा माग लागला ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषातून. हे मी हौसेने अप्पांना सांगितलं. "म्हणजे इतके म्हयने माका फुरशाचा इख चारलात?" गोळी कारखान्यात बनते, तिच्यात विषाचा थेंबही नसतो, हे पटवायला पुढचे दोन दिवस गेले.

तुमच्या वडिलांचं म्हणाल तर त्यांना शुगर आहे का, मूत्रपिंड कसं आहे, ठोके किती पडतात, हे बघून गोळी ठरते. डॉक्टरकडे जाताना सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, चूर्णं आणि काढेसुद्धा. आणि घरच्या माणसाच्या सवयींवर बोट ठेवण्याआधी ती पिशवी एकदा उलटी करून बघा.

हे वाचून कोणी प्रिल आपल्या मनाने बंद करू नका. शुगरवाल्यांची मूत्रपिंडं आणि कमजोर हृदय सांभाळायला ती फार कामाची आहे, आणि बहुतेकांना काही होत नाही. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला असेल तर टीबीची तपासणी आधी, गोळीवर संशय नंतर. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र थांबू नका, तडक दवाखाना. दिवस गेलेल्या बाईला प्रिलही नको, सार्टनही नको.

पुढच्या गणपतीला अप्पांनी सगळ्या आरत्या म्हटल्या, टाळासकट. दादाला डॉक्टरांचा कागद दाखवला. त्याने वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "गोळी बदलल्यामुळे थांबला की विडी सोडल्यामुळे, कोण सांगणार?"

मी सांगते. गोळी बदलल्यामुळे.