स्ट्रिंग की लूप? आधी नकाशा उघडा

प्रश्न असा आहे: एमएस्सी संपत आलीय, क्वांटम ग्रॅव्हिटीत (गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धांत जुळवणाऱ्या शाखेत) पीएचडी करायला बाहेर जायचंय, सोबत नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. तर स्ट्रिंग थिअरी (कण म्हणजे कंप पावणारे सूक्ष्म तंतू) घ्यावी की लूप (अवकाशच तुकड्यांचा बनलेला)? आणि तिथे एकटेपणा येतो का?

व्हिसा, फी, शिष्यवृत्ती हे सगळं संकेतस्थळांवर असतं, ते सोडून देते. तिथे एक गोष्ट मात्र नसते: थिअरी ठरली की राहायचं गावही बरंचसं ठरतं. स्ट्रिंगवाले प्रिन्स्टन, सांता बार्बरा, केंब्रिज, ॲमस्टरडॅम, टोकियो असे पसरलेले आहेत. गाईडशी जमलं नाही तर दुसरा शोधता येतो. लूपची ठिकाणं मोजकीच: पेन स्टेट, लुइझियाना, मार्सेय, एरलांगेन, वॉर्सा, वॉटरलू. तिथे गाईडशी बिनसलं तर बहुतेक देशच बदलावा लागतो.

आणि इथे मुलीची शाळा येते. युरोपात पीएचडी ३-४ वर्षांची, मग दोन-तीन वर्षांचे पोस्टडॉक, दर वेळी कदाचित नवी भाषा. मुलं भाषा पटकन उचलतात असं जो तो सांगतो. बोलायची उचलतात हो. पण शाब्दिक गणित वाचून कळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात शाळेच्या लेखी मूल गणितात कच्चं ठरलेलं असतं. एरलांगेन ज्या बवेरियात आहे, तिथे चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल (तिथे १ म्हणजे सर्वोत्तम) तरच जिम्नॅशियमला (विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला) थेट प्रवेश, नाहीतर चाचणीवर्ग. तुमची मुलगी चौथीत जाईल तेव्हा तुम्ही प्रबंध लिहीत असाल. हे मी इतक्या तावातावाने का लिहितेय, ते ओळखलं असेलच.

आता भौतिकशास्त्र. मी स्ट्रिंगच्या बाजूची आहे, त्यामुळे त्या बाजूची दुखणीच आधी सांगते. ग्रॅव्हिटॉन (गुरुत्वाकर्षणाचा कण) तिथे आपोआप मिळतो, त्याच्या टकरींच्या गणितात अनंत येत नाही. पण अवकाश-कालाच्या मिती लागतात दहा. आपल्या चार सोडून उरलेल्या सहा गुंडाळल्या की त्यांचा आकार आणि आकारमान ठरवणारी शेकडो वस्तुमानहीन क्षेत्रं उरतात, आणि तशी क्षेत्रं निसर्गात दिसत नाहीत. फ्लक्स (गुंडाळलेल्या मितींतून जाणारा क्षेत्रप्रवाह) घालून ती जागेवर बसवता येतात. मग उत्तरांची, म्हणजे शक्य विश्वांची, संख्या १ वर ५०० शून्यं इतकी सांगितली जाते. आपल्या विश्वासारखा धन कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंट (विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी संख्या) त्यात खरोखर निघतो का, यावर २००३ च्या केकेएलटी रचनेपासून (तो मिळवायच्या आराखड्यापासून) वाद चालू आहे. माल्डासेनाचं १९९७ चं काम (गुरुत्वाकर्षण असलेलं विश्व आणि त्याच्या सीमेवरचा गुरुत्वाकर्षणाविना सिद्धांत एकच, असं सांगणारं) विलक्षण खरं, पण त्याचा सगळ्यात भक्कम भाग ऋण कॉन्स्टंटच्या विश्वात चालतो. एलएचसीत (जिनिव्हाजवळच्या कण-त्वरकात) सुपरसिमेट्रीचा (प्रत्येक कणाला जोडीदार मानणाऱ्या कल्पनेचा) कण सापडला नाही, हे वेगळं.

लूपचा पाया अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये मांडलेली चलं (सापेक्षता लिहायच्या नव्या राशी). मिती चारच, अवकाश-कालाची पार्श्वभूमी आधी गृहीत धरलेली नाही, आणि क्षेत्रफळ तुकड्यातुकड्यांनीच मिळतं. अडतं ते पुढे. हॅमिल्टोनियन बंधन (काळानुसार बदल ठरवणारी अट) लिहिण्याच्या अनेक पद्धती निघतात, आणि या तुकड्यांतून आइन्स्टाइनचा गुळगुळीत अवकाश-काल परत मिळतो हे पक्कं दाखवता आलेलं नाही.

दोघांची तुलना करायची तर कृष्णविवराची एंट्रॉपी (आतल्या सूक्ष्म अवस्थांच्या संख्येचं माप) घ्या. हॉकिंगचं सूत्र: क्षितिजाचं क्षेत्रफळ भागिले ४ (क्षेत्रफळ प्लांक लांबीच्या, म्हणजे या विषयातल्या अतिसूक्ष्म मापाच्या, वर्गात मोजून). स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी १९९६ मध्ये स्ट्रिंगच्या अवस्था मोजल्या आणि तो ४ काहीही न जुळवता आला. पण ते विवर पाच मितींतलं, विद्युतभारित, सुपरसिमेट्रिक. आकाशात असलं विवर नाही. लूपचं गणित साध्या विवरांनाही लागू पडतं, पण ४ मिळवायला इमिर्झी परामिती (लूपमधली मोकळी संख्या) हाताने बसवावी लागते, आणि मोजणीच्या पद्धतीनुसार ती ०.२४ किंवा ०.२७ च्या आसपास येते. त्याच्या पुढच्या लॉगरिदमिक पदात (सूत्रातल्या छोट्या दुरुस्तीत) स्ट्रिंगवाल्या अशोक सेन यांचं २०१२ चं उत्तर लूपच्या उत्तराशी जुळत नाही. हा पेपर जरूर वाचा. दोन्ही कळपांतल्या टोमण्यांपेक्षा त्यातून जास्त कळेल.

बाकीचे पर्याय कमी लेखू नका. ॲसिम्प्टोटिक सेफ्टी (अतिउच्च ऊर्जेलाही गुरुत्वाकर्षणाचं गणित आटोक्यात राहतं ही कल्पना) वापरून शापोश्निकोव्ह आणि वेटेरिच यांनी हिग्ज कणाचं वस्तुमान सुमारे १२६ जीईव्ही (कणांच्या वस्तुमानाचं एकक) सांगितलं, तेही कण सापडायच्या आधी. सापडला १२५ ला. मधल्या ऊर्जांना नवीन कण नाहीत हे गृहीत धरून, हे विसरायचं नाही. कॉझल सेटवाल्या (अवकाश-काल म्हणजे कार्यकारणाने जोडलेले सुटे बिंदू मानणाऱ्या) सॉर्किनचा कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंटचा अंदाजही मोजमापाआधीचा. नोकऱ्या मात्र दोन्हीकडे तुरळक.

निवड करायला एक उपाय: तीन महिने घ्या. आधी लाइट-कोन पद्धतीने बोसॉनिक (सुपरसिमेट्री नसलेल्या, साध्या) स्ट्रिंगच्या २६ मिती काढा, मग वर्ल्डशीटच्या (स्ट्रिंग मागे आखते त्या पृष्ठाच्या) बीटा फंक्शनमधून आइन्स्टाइनचं समीकरण. दुसरीकडे अष्टेकर चलांत सापेक्षता लिहून क्षेत्रफळाच्या ऑपरेटरची सगळ्यात लहान शून्येतर किंमत काढा. इमिर्झी ०.२३७५ धरली तर प्लांक लांबीच्या वर्गाच्या सुमारे ५.१७ पट यायला हवी. अडल्यावर कुठलं गणित रात्री परत उघडावंसं वाटतं, ते बघा. सत्य कोणतं, हे आपल्या हयातीत कळेलच असं धरून चालू नका. एलएचसीची ऊर्जा प्लांक ऊर्जेच्या (जिथे क्वांटम ग्रॅव्हिटी थेट दिसावी त्या ऊर्जेच्या) एक हजार लाख कोटीव्या भागाएवढी आहे.

एकटेपणाचंही विचारलंय. असतो. लूपमध्ये जरा जास्त, कारण मोठ्या परिषदेत तुमच्या विषयाचं सत्र शेवटच्या दिवशी दुपारी असतं.

कागदपत्रांत एकच सांगते, कारण मनस्ताप तिथेच होतो. संशोधनाचा सारांश विद्यापीठाच्या अर्जात आणि व्हिसाच्या अर्जात शब्दशः एकच ठेवा, आणि "हाय एनर्जी" लिहिलंत तर शेजारी "केवळ सैद्धांतिक, प्रयोग नाही" हे लिहाच. खिडकीपलीकडच्या माणसाला ऊर्जा म्हटलं की अणुभट्टी आठवते आणि फाइल चौकशीत अडकते. गाईडला पहिल्या पत्रात थिअरीबद्दल पानभर लिहू नका. त्यांचे शेवटचे पाच विद्यार्थी आज कुठे आहेत, एवढंच विचारा. उत्तर टाळलं तर पुढचं नाव बघा.