वाचकांचे प्रश्न : ३८१ दिवस बसशिवाय

प्रश्न : नागपुरात एक दिवस सिटीबस बंद राहिली की बर्डीवर ऑटोवाले दुप्पट भाडं मागतात. मग अमेरिकेतल्या माँटगोमेरीचे कृष्णवर्णीय लोक बसवर बहिष्कार टाकून वर्षभर कामावर गेले कसे?
— एक वाचक, इंदोरा

उत्तर : पुष्कळ जण पायी गेले, पण नुसत्या पायांवर ५ डिसेंबर १९५५ ते २० डिसेंबर १९५६ इतका काळ निघाला नसता. सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाले बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये, माणसं नेत. शहराच्या अधिकाऱ्यांनी ४५ सेंट किमान भाड्याचा नियम पुढे करून ती वाट बंद केली.

मग सुमारे ३०० मोटारी उभ्या राहिल्या. १९५३ मध्ये बॅटन रूज शहरात हा प्रयोग झाला होता, तिथल्या लोकांकडून पद्धत समजून घेतली. सकाळी वस्तीतल्या ठरलेल्या थांब्यांवरून माणसं उचलायची, संध्याकाळी कामाच्या ठिकाणाहून परत आणायची. पेट्रोलला पैसा चर्चमधल्या सभांतून आणि बाहेरगावच्या देणग्यांतून येई. पोलीस चालकांना बारीकसारीक कारणांवरून अडवत. २५ मैलांच्या हद्दीत ३० मैल वेग होता म्हणून मार्टिन ल्यूथर किंग यांनाही अटक झाली. खरी दुखरी नस होती विमा. चर्चच्या गाड्यांचे विमे रद्द होत गेले, शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून ते मिळवावे लागले.

बसमधली गोऱ्या-कृष्णवर्णीयांची वेगळी आसनं संपली ती मात्र कोर्टात. ऑरेलिया ब्राउडर आणि इतर तीन स्त्रियांच्या खटल्यात १३ नोव्हेंबर १९५६ ला अशी विभागणी घटनाबाह्य ठरवणारा खालच्या न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. त्याच दिवशी स्थानिक न्यायालयाने मोटारींची व्यवस्था थांबवली होती! सर्वोच्च न्यायालयाचा आदेश हाती येईपर्यंतचे पाच आठवडे लोकांनी तसेच काढले.

प्रश्न : १४ ऑक्टोबरला कॉलेजात यावर नाटिका करतोय. बस कशी मांडावी?
— एक विद्यार्थिनी, धंतोली

उत्तर : तारीख अगदी योग्य निवडलीत. १९५६ मध्ये नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हा तिकडे बहिष्काराचा अकरावा महिना चालू होता.

खुर्च्या ३६. पुढच्या १० गोऱ्यांच्या. मागे माणसं उभी असली तरी त्या रिकाम्याच दिसू द्या. शेवटच्या १० कृष्णवर्णीयांच्या, मधल्या १६ चालकाच्या मर्जीवर. पुढच्या दाराशी भाडं द्यायचं, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने चढायचं, हेही दाखवा. तेवढ्यात कधी कधी बस निघून जाई.

बहुतेक नाटिकांत चूक होते ती पुढे. ज्यांच्या अटकेवरून बहिष्कार सुरू झाला त्या रोझा पार्क्स यांना गोऱ्यांच्या खुर्चीवर बसवू नका. त्या मधल्या भागातल्या पहिल्याच ओळीत होत्या. एका गोऱ्या माणसासाठी चालकाने ओळीतल्या चौघांनाही उठायला सांगितलं. तिघं उठले.