सायकलला आधी गेट उघडा

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

हिंजवडीतल्या तुमच्या ऑफिसात ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, लोकांनी कामावर सायकलने यावं म्हणून रॅली काढायची आणि टी-शर्ट वाटायचे असं ठरतंय, असं तुझ्या पत्रातून कळलं. बेत नोव्हेंबरवर ढकल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो. नव्याने सायकल काढलेला माणूस दोनदा भिजला की ती पुन्हा गॅलरीत जाते. टी-शर्टचे पैसे वाचव, ते सायकल स्टँडला लागतील.

वाकड-बाणेरहून येणाऱ्यांना पाच ते आठ किलोमीटर जड नाहीत. ताशी पंधराच्या वेगाने वीस ते बत्तीस मिनिटं. माणसं कंटाळतात ती तुमच्या गेटच्या आत. रखवालदार गाडीला सलाम करतो आणि सायकलला मागच्या गेटने पाठवतो. तिथे जनरेटरशेजारी, उन्हात, पुढचं चाक अडकवायचा लोखंडी स्टँड असतो. तो काढून टाक. त्यात सगळा भार एका चाकावर येतो, शेजारची सायकल कलंडली की रिंग आऊट होते, आणि कुलूपही फक्त चाकालाच बसतं. चोर चाक सोडून बाकीची सायकल नेतो.

त्याऐवजी उलट्या 'यू'च्या आकाराचे पाइप लाव. ५० मिमी व्यासाचे, जमिनीपासून ७५ सेंमी उंच, दोन पाइपांत एक मीटर अंतर. सायकल टेकते आणि फ्रेम व चाक दोन्ही एकाच कुलपात येतात. पाइप काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने बसव. पेव्हर ब्लॉकमध्ये बसवलेले हलवून हलवून उपटता येतात. मोटारीची एक जागा अडीच बाय पाच मीटरची असते, तिच्यात असे पाच पाइप आणि दहा सायकली बसतात. जागा मात्र कडेची घे, लांब बाजूने चालायला वाट असलेली, छपराखालची आणि मुख्य दाराजवळची. साहेबांसमोर हेच गणित मांड: एका मोटारीच्या जागेत दहा माणसं. आणि हेही विचार, की दुचाकीला पेट्रोल भत्ता मिळतो, मग सायकलवाल्याचा किलोमीटर फुकट का? नेदरलँड्समध्ये २०२४ पासून किलोमीटरमागे २३ युरो सेंटपर्यंतचा प्रवासभत्ता करमुक्त आहे, आणि तो सायकललाही लागू आहे.

एक बाथरूम हवं, एक्झॉस्ट फॅन आणि पुरेशा खुंट्यांसह. लॉकर जाळीच्या दाराचे घे. बंद कपाटात ओले कपडे संध्याकाळपर्यंत कुबट होतात, आणि तेच घालून घरी जायचं असतं.

स्टँडपाशी भिंतीला साखळीने बांधलेला, दाब दाखवणारा उभा पंप ठेव. साध्या सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळा, गिअरवालीचा बहुधा मोटारीसारखा, रोड बाइकचा बारीक. तिन्हींची तोंडं ठेव, नाहीतर निम्म्यांना पंप निरुपयोगी. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं, दर सोमवारी बघायचं. हवा कमी असली की खड्ड्याच्या काठावर ट्यूब टायर आणि रिंगमध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली तर टायरमध्ये काटा शोधत बसू नये, चूक हवेची आहे. पावसात चेन पुसून, तेल थेंबाथेंबाने सोडून, वरचं पुन्हा पुसायला सांग. ओलं तेल राहिलं की रस्त्यावरची वाळू चिकटते आणि चेन लवकर झिजते. मडगार्ड सगळ्यांनी लावलेच पाहिजेत.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे परतीची हमी. रात्री उशीर झाला, मुसळधार लागला किंवा घरून फोन आला, तर कंपनीच्या खर्चाने रिक्षा. हे तोंडी नको, परिपत्रकात लिहून घे. विशेषतः मुली या एका ओळीवर सायकल काढायची की नाही ते ठरवतील. हमी फार वेळा वापरली जाईल म्हणून साहेब घाबरतील. तीन महिन्यांची बिलं वेगळ्या फाइलला लाव आणि मग दाखव.

रखवालदाराशी मात्र उद्याच बोल. त्याला काही खर्च नाही.

तुझा,
काका